तुकियोचा टोला

आमच्या गावच्या गामेलान वाद्यवृंदात मी ढोल वाजवतो, म्हणजे वीस वादकांना हाकतो. पण कुठलंही वाजवणं संपतं ते तुकियोच्या मोठ्या गोंगावर, चौकटीत टांगलेल्या त्या काशाच्या थाळीवर. त्याचा टोला पडल्याशिवाय राजा आला तरी आम्हाला थांबता येत नाही. सकाळी सोयाबीनचं टेम्पे करायचं, बायको पोनिरानं ते बाजारात विकायचं आणि संध्याकाळी यानं गोंगाजवळ मांडी ठोकायची, हा चाळीस वर्षांचा नेम. "सोपं काम आहे," असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. दोन टोल्यांमधे एवढा वेळ गप्प बसून दाखवा की लेको!

यंदा त्याचे गुडघे धरले. मांडी घालता येईना. मी स्टूल आणून ठेवलं, तर हा उभाच.

"गोंगापेक्षा माझं डोकं वर? छे, छे!"

"अरे कांग," मी म्हटलं, कारण आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो, "गोंग काही बोलतोय का तुला?"

"बोलत नाही, म्हणूनच लाज वाटते."

आणि गेला घरी. तीन आठवडे फिरकला नाही. त्याच्या जागी शाळेतले गुरुजी बसवले. बिचारे वेळेवर टोला द्यायचे, पण मधे जांभया. माझा तर हातच चालेना.

शेवटी मीच त्याच्या घरी गेलो. परसात बाकड्यावर केळीच्या पानांत टेम्पे बांधत बसला होता, तोंड एवढंसं करून. पोनिरा मात्र माझ्यावरच उखडली.

"वीस बाप्यांत एक डोकं नाही! म्हातारा खाली बसत नाही, तर गोंग वर न्या की!"

खरंच की! दुसऱ्या दिवशी विटा रचून गोंगाची अख्खी चौकट उचलली. तुकियो स्टुलावर टेकला, मान वर करून बघितलं.

"अजून एक वीट."

लावली.

"अजून एक."

"छपराला भिडेल रे तो!" मी ओरडलो. पण लावली.

मग वाजवायला बसलो. शेवटाकडे मी ढोलावर खूण दिली आणि टोला पडला. फरशीतून घुमत माझ्या मांडीपर्यंत आला. मला रडू आवरेना, आणि कशाला आवरू?

"रडतोस काय?" तुकियो खेकसला. "पुढचं घे. तीन आठवडे वाया गेलेत माझे!"