बुडालेल्या बोटीचं गाणं

मिरकरवाडा बंदरावर डिझेल आणि ओल्या जाळ्यांचा वास आला की वीसेक वर्षांपूर्वीची ती संध्याकाळ आठवते. आमचा चौघांचा रॉक बँड होता, गाणी आमचीच, मराठी. गुहागरकडच्या एका कोळीवाड्यात आम्ही बुडालेल्या बोटीचं गाणं सुरू केलं आणि समोरचा गलका एकदम थांबला. पेपरातली बातमी वाचून मी ते लिहिलं होतं. आयोजक धावत स्टेजवर आला. "बंद कर रे, ती बोट हितलीच व्हती!" पुढे बसलेली एक म्हातारी उठली, तिच्यामागे चार-पाच पुरुष उठले. ड्रमवाल्याने काठ्या खाली ठेवल्या. ती स्टेजच्या कडेला येऊन उभी राहिली. "माजा पोर व्हता त्या बोटीत." मी माफी मागू लागलो, तर तिने हाताने गप्प केलं. "गानं बरं हाय. पन त्याचं नाव का नाय घेतलंस?" तिने नाव सांगितलं. आम्ही गाणं पहिल्यापासून म्हटलं, त्या नावासकट. पुरुष उभेच होते, पण कुणी पुढे आलं नाही. पुढे बँड मोडला, चौघं चार गावांना गेलो. ते गाणं अजून कधीतरी ओठांवर येतं, पण त्या नावावाचून मला ते म्हणताच येत नाही.