रतनला विचारलं का?

रतनच्या बायकोचा, सुनंदावहिनींचा फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो. रतननं लिहिलेला प्रोग्राम बंद करून मोठ्या कंपनीचं तयार सॉफ्टवेअर घेऊ या, असं मीच सगळ्यांना पटवून देत होतो. दोनदा फोन कापला. नंतर उचलला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, हे गेले..."

रतन माझा कॉलेजपासूनचा मित्र, आणि मी प्रमुख असलेल्या संगणक विभागातला माझा उजवा हात. वाळूजच्या आमच्या कारखान्यातून कुठला माल कुठल्या ट्रकमध्ये चढायचा, हे त्यानं पायथन या मोफत संगणकभाषेत लिहिलेला प्रोग्राम ठरवायचा. सुरुवातीला साहेब हसले होते. फुकटच्या भाषेवर एवढा कारखाना चालवायचा? रतन म्हणाला, "साहेब, मराठी बी फुकटच मिळाली. तिच्यावाचून एक दिस तरी चाललं का आपलं?" तेव्हा मी त्याच्या बाजूनं उभा होतो.

एकदा कुणीतरी प्रोग्राम मध्येच थांबवला आणि पुण्याचा माल नाशिकला गेला. रतन चिडला नाही. पण तेव्हापासून प्रोग्राम थांबवायला गेलं की पडद्यावर प्रश्न यायचा, 'रतनला विचारलं का?' 'नाही' लिहिलं की यायचं, 'मग आधी विचार', आणि काम पुढं चालू. 'हो' लिहिलं तरच ते थांबायचं. लोडिंगवाले कँटीनमध्ये वडा उचलतानाही एकमेकांना हटकायचे, "रतनला विचारलं का बे?" तो मागून म्हणायचा, "नाय ना? मग ठेव तो वडा इथं!"

शेवटचे भेटलो ते उस्मानपुऱ्यात, चहाला. "माझं बंद करायलेत म्हणं. खरं हाय का?"

"नुसती चर्चा आहे रे," मी म्हणालो. बंद करण्याच्या प्रस्तावावर तेव्हा माझी सही झालेली होती.

"तू हायेस तिथं, मग मला काळजी नाय," तो म्हणाला, आणि माझ्या बशीत अर्धा चहा ओतला.

आता ट्रक नव्या सॉफ्टवेअरवर भरतात. रतनचा प्रोग्राम मात्र कोपऱ्यातल्या मशीनवर अजून चालू आहे, न येणाऱ्या मालाची वाट बघत. तो बंद करायचं काम मी माझ्याकडेच ठेवलंय. साहेब विचारतात, झालं का? मी म्हणतो, उद्या. रोज सकाळी त्या मशीनपुढं बसतो. प्रश्न येतो. 'हो' लिहितो, खोडतो... 'नाही' लिहितो.

पडद्यावर येतं, 'मग आधी विचार.'