तात्यांचं गाऱ्हाणं आणि बाळाचा कॉम्प्युटर

किस्से जमवावे लागत नाहीत. मालवणच्या बाजारात बाळाच्या व्हिडिओ स्टुडिओतल्या बाकावर बसलं की ते किनाऱ्यावरच्या वाळूसारखे पायांना चिकटतात. घरी पाय धुतले तरी चार कण उरतातच. कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालो आणि त्या बाकावर रुजू झालो. काम तेच, लोकांच्या तक्रारी ऐकणं. फरक एवढाच, की बाळा त्या दूर करायचा प्रयत्नही करी.

तेव्हा डीव्हीडी नवीन होती. लोक लग्नाच्या जुन्या कॅसेटी आणून डीव्हीडी करून नेत आणि आठवड्याने परत येत. आवाज नाय!

* * *

देवबागच्या एका गिऱ्हाइकाला बाळाने सांगितलं, "टीव्हीचो आवाज वाढय." त्याने तो टोकाला नेला. लग्न कसंबसं ऐकू आलं. मग डीव्हीडी काढली, तोच टीव्हीवर साबणाची जाहिरात लागली. गुडघ्यांमुळे वर्षभर खाट न सोडलेले त्याचे काका थेट अंगणात जाऊन उभे राहिले!

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक हजर. "काका चलाक लागले, ता बरा झाला. पण डीव्हीडी बदलून दी."

बाळाने ठरवलं, यापुढे डीव्हीडी करण्याआधीच आवाज आपण कॉम्प्युटरवर वाढवायचा.

* * *

पहिला प्रयोग वेंगुर्ल्याच्या एका लग्नावर. आवाज सरसकट वाढवला. पण कॅमेऱ्याचा माइक शेजारच्याचं आधी ऐकतो, भटजींचं नंतर. मंगलाष्टकांच्याही वर दोन मावश्यांची कुजबुज स्वच्छ उमटली: "हार सोन्याचो नाय गो, नुसतो मुलामो!" दोन्ही व्याही शेजारी बसून डीव्हीडी बघत होते.

बाळा म्हणाला, "आवाज नव्हतो, तेव्हाच संसार बरो चललेलो."

* * *

तरी गडी हटला नाही. उलट दारावर पाटी लावली: 'कमी आवाज वाढवून मिळेल.'

एक जण ती वाचून आत आला. "आमच्या सरपंचाचो वाढवन गावतलो? बैठकीत बोलनाच नाय."

* * *

हीच पाटी वाचून आचऱ्याच्या रुक्मिणीकाकी आल्या. पिशवीत मुलाच्या लग्नाची कॅसेट. लग्नाआधी देवापुढे नारळ ठेवून घरकर्त्याने गाऱ्हाणं घालायचं आणि प्रत्येक मागणीला जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा!' म्हणायचं, ही आपली रीत. काय मागितलं ते ऐकू यायला हवं, अशी अट नाही. काकींचे यजमान तात्या तर आधीच पुटपुटणारे. त्या लग्नातल्या गाऱ्हाण्यात शेवटची मागणी करताना त्यांनी काकींकडे वळून पाहिलं होतं. काय मागितलं, हे काकींनी पुढे अनेकदा विचारलं. तात्यांचं एकच उत्तर: "देवाक सांगितलंय. तुका कित्याक?"

आता तात्या नव्हते. त्यांचा आवाज तेवढ्या कॅसेटमध्ये होता.

बाळाने आवाज वाढवायचं बटण दाबलं. काडीचा फरक नाही. सगळ्यात मोठा आवाज मर्यादेच्या छताला टेकला की कॉम्प्युटर थांबतो, आणि 'व्हय म्हाराजा' आधीच छताला टेकलेला.

"जमाचा नाय, काकी."

"माका घाई नाय," काकी म्हणाल्या आणि माझ्या बाकावर बसल्या. मला सरकावं लागलं.

रोज पहिल्या एसटीने येत. बाळाला कांद्याचं थालीपीठ, मला उपदेश. तोंड म्हणून बंद नाही. बाळाने शेवटी हेडफोन लावला, थोडा कामासाठी, थोडा काकींसाठी. प्रत्येक 'व्हय म्हाराजा' वेगळा कापून खाली दाबला आणि मधला तात्यांचा एकेक तुकडा वर उचलला.

एके सकाळी त्याने हेडफोन काढून स्पीकर लावला. पोराचा संसार, शेत, होडी, गुरं, सगळं मागून झालं. मग तात्या वळले.

"म्हाराजा, ही दिवसभर बडबडता. पण तिच्या आवाजाबिगर घर माका सोसाचा नाय. हिच्या आधी माका घेवन जा."

"व्हय म्हाराजा!"

खाली दाबलेल्या त्या गजरातही एक आवाज ठळक होता. कॅमेऱ्याला खेटून उभ्या असलेल्या काकींचा.

बाळाने हळूच माउस धरला. "काकी, तुमचो आवाज काढून टाकू?"

काकींनी पदर सारखा केला.

"माझो आसा तसो रवांदे. तेंचो वाढय."