दोन विटा आणि एक जिताडा

थंडीला मी जन्मात कधी घाबरलो नाय. पनवेलला थंडी पडतच नाय, घाबरणार कुणाला?

आमच्याकडे जानेवारीत पहाटे जरा गार वारा सुटतो. मग म्हातारी माणसं काटक्या पेटवून बसतात, आणि नऊ वाजले की घाम पुसत उठतात. स्वेटर नावाची चीज आमच्या घरात कधी शिरली नव्हती. कुणी दिला असता तर आयनं त्याचं पायपुसणं केलं असतं.

फटफटी मात्र होती. तेव्हा पुण्याचा नवीन मोठा रस्ता झाला नव्हता, सगळ्या गाड्या खोपोलीवरून घाट चढायच्या. पण करंजाड्याच्या बाजूच्या जमिनी सरकारात जायला लागल्या होत्या, त्याचे पैसे आले होते, आणि कालपर्यंत ज्याच्या दारात बैलगाडी होती त्याच्या दारात फटफटी दिसायला लागली. मी पण घेतली. शाळेत मी फक्त आवारातल्या चिंचा पाडायला गेलेलो, पण फटफटी चालवायला वाचता यायला लागत नाय. रस्त्यावरच्या पाट्या तेवढ्या वाचाव्या लागतात, त्या मी माणसांना विचारायचो.

माझी धाकटी बहीण लोणावळ्याला दिलेली. नवरा रेल्वेत. तिला सातवा महिना लागला आणि अन्न जायचं बंद झालं. भाताचा वास नको, डाळीचा नको, चहाचा नको. जे पोटात जाईल ते बाहेर. आय रोज वाण्याच्या दुकानात फोनपाशी जाऊन बसायची. एक दिवस निरोप आला, पोरीला जिताडा खायचाय.

जिताडा म्हणजे आमच्या खाडीतला मासा. आमी तो जावई आला की करतो, एरवी बाजारात बघून पुढं जातो. घाटावर तो मिळत नाय, आणि मिळाला तर बर्फात आठवडाभर झोपलेला मिळतो. तो काय बहिणीच्या सासूच्या उंबऱ्यातून आत गेला नसता. सासू होती उरणची. अख्खा जन्म मासळी विकण्यात गेलेला. हात न लावता नुसता माशाचा डोळा बघून सांगायची, हा आजचा, हा परवाचा. माणसाकडं पण ती तशीच बघायची.

फोन तिनंच केला होता. आयला बोलली, "पोर चार दिवस पेजेवर हाय, गालफडं बसलीत तिची. माहेर पनवेलला, खाडी दारात, आणि पोरीला एक मासा पोचत नाय? आमच्या उरणात मांजरीला पण विचारतात, बाय, आज काय खाशील?"

आय घरी न येता थेट मामाकडं गेली. मामानं त्याच रात्री खाडीच्या बांधाच्या, भरतीचं पाणी आत-बाहेर जातं त्या दारावर जाळं लावलं आणि चार किलोचा जिताडा काढला. आता तो फक्त पोचवायचा होता.

आय बोलली, "सकाळच्या येष्टीच्या ड्रायव्हरकडं दे. जावई स्टँडवर उतरून घेतील."

"आये, दारात नवी फटफटी हाय आणि बहिणीचा मासा येष्टीनं? लोक काय बोलतील?"

"पहाटे पाचला जायचंय. लोक झोपलेले असतील."

"मी जातो."

"घाटात थंडी असते रे."

"मला?" मी बोललो. हा एक शब्द मला पुढं चाळीस-पन्नास किलोमीटर आठवत होता.

तरी तयारी केली. दोन बनियन, तीन शर्ट, त्यावर बापाचा जुना कोट. शेजारच्या रिटायर मास्तरांची माकडटोपी. गळ्याला लुंगी. हातमोजे नव्हते म्हणून हाताला दुधाच्या प्लास्टिक पिशव्या, मनगटापाशी रबर लावून. कुणीतरी सांगितलं, शर्टाच्या आत पेपर घाल, वारा अडतो. आमच्याकडं पेपर कुठला यायला. वाण्याकडून पुड्या बांधायची रद्दी आणली आणि छातीला लावली. नंतर बघितलं तर घामानं अख्खी बातमी छातीवर उलटी उमटलेली. अक्षराशी माझा संबंध आला तो तेवढाच.

जिताडा तेलाच्या पंधरा किलोच्या पत्र्याच्या डब्यात उभा केला. डोकं खाली, शेपूट वर. चारी बाजूंनी आणि वरून बर्फ, त्यावर भाताचा तूस. डबा मागच्या सीटवर ट्यूबच्या रबरानं आवळून बांधला. बाहेर आलेली शेपूट वाऱ्यानं हलायची, लांबून वाटावं मागं कुणी बसून टाटा करतंय.

चौक गावाच्या पण अलीकडे मी गारठलो. म्हणजे अजून घाट दिसत पण नव्हता. गुडघे टाकीला आपटून वाजत होते, मला वाटलं इंजिनात काय ढिलं झालंय. एक वीटभट्टी धुमसताना दिसली तिथं थांबलो.

भट्टीवर एक कातकरीण तूस ओढत होती. तिचं तान्हं पोर बाजूला गोणपाटावर गाढ झोपलेलं, आणि त्याच्या पायाशी चिंध्यांत गुंडाळलेली एक वीट.

"बाय, ती वीट कशाला ठेवलीस?"

"ऊब राहाते, दादा. मी कामात असते. वीट तिथंच असते." मग तिनं मला टोपीपासून पिशव्यांपर्यंत बघितलं. "तू कुठच्या शेतातनं उठून आलास?"

मी बोललो, लोणावळ्याला चाललोय, मला पण एक वीट दे. तिनं फावड्यानं भट्टीच्या कडेची एक वीट ओढली, मातीत टाकून जरा निवू दिली आणि गोणपाटात गुंडाळली.

"पोटाला बांध. लोणावळा काय, पुणं येईल तोवर पुरेल."

"ही कडेची नको. आतली दे, चांगली तापलेली. आणि दोन दे."

"दोन नको दादा. एक बास."

"मला घाट चढायचाय."

"घाट गाडी चढेल. तू नुसता बसणार हायेस," ती बोलली. पण मी काय ऐकतो. हट्ट करून आतल्या दोन घेतल्या. त्या एवढ्या गरम की दोन-दोन गोणपाटं गुंडाळली तरी हातात धरवत नव्हत्या. पोटाला बांधल्या आणि निघालो.

अर्धा मैल गेलो आणि डोक्यात उजेड पडला. माझ्या डोक्यात उजेड पडला की काहीतरी बिघडतं हे घरात सगळ्यांना माहीत हाय. मला वाटलं, पोटाला भट्टीतल्या विटा, आणि पोटाच्या पुढं काय? पेट्रोलची टाकी! एक ठिणगी उडाली की मी पोचेन लोणावळ्याला, पण तुकड्या-तुकड्यानं. घाबरून गाडी बाजूला घेतली, विटा सोडल्या, आणि मागं घातल्या. माझी पाठ आणि माशाचा डबा यांच्यात. वरून लुंगीनं सगळं आवळलं. स्वतःवरच खूश झालो. ती कातकरीण किती पण भट्टीवर काम करू दे, पेट्रोलचं तिला काय कळणार!

आणि काय सांगू, पाठ अशी शेकत होती, वाटत होतं आय तेल लावून रगडतेय. पुढून मी मेलेला आणि मागून जावई.

खोपोलीला चहा घेतला, तो अर्धा बशीत आणि अर्धा कोटावर गेला. मग घाट लागला. वारा असा लागत होता की डोळ्यातलं पाणी गालावरून खाली न येता कानाकडं जात होतं. तेवढ्यात पुढं सळ्या भरलेला एक ट्रक मिळाला. माणूस चालेल त्या चालीनं चढत होता. त्याच्या मागं गेलो आणि काळा, गरम धूर तोंडावर आला. असं बरं वाटलं! मी त्या ट्रकला चिकटलो. ड्रायव्हर हात बाहेर काढून पुढं जा, पुढं जा करत होता. मला वाटलं नमस्कार करतोय. मी पण पिशवीवाला हात केला. शेवटी त्यानं मुंडी बाहेर काढली.

"अरे, जा ना पुढं! रस्ता मोकळा हाय!"

"तुमी व्हा पुढं! मी इथंच बरा हाय!"

असा अख्खा घाट चढलो. जिथं वीस मिनिटं लागतात तिथं तासभर लागला. मधे मधे सायलेन्सरवर काहीतरी छस्स करून वाजायचं. मी बोललो, गाडी नवी हाय, तापणारच.

खंडाळ्याला आलो तर मस्त वास आला. कुठल्या तरी बंगल्यात सकाळी सकाळी मासा शिजत होता. मनात बोललो, शेटलोकांची मजा हाय, उठल्या उठल्या मासा. पुढच्या वळणावर परत तोच वास. त्याच्या पुढच्या वळणावर परत. मला नवल वाटलं, एवढे बंगले आणि सगळ्यांकडं आज एकच मासा?

लोणावळ्यात शिरलो तेव्हा मागं चार कुत्री पळत होती. मला वाटलं, फटफटी बघून येतायत. नवी होती ना.

रेल्वेच्या चाळीत बहीण दारातच उभी होती. पोट पुढं आलेलं आणि बाकी सगळी आटलेली. हाताच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकतील अशी. माझ्या धुरानं काळ्या झालेल्या तोंडाकडं बघून बोलली, "दादूस? तूच ना रं?" आणि लगेच नजर डब्यावर. "आणलास?"

"तर! चार किलोचा. मामानं रात्री काढलाय."

सासू आतून आली. शेपटीला धरून तिनं मासा उचलला. मासा वर आला, पण एका अंगाची कातडी डब्यालाच राहिली. बर्फ कुठं दिसला नाय. सायलेन्सरवर छस्स करत होता तो बर्फच होता, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं.

सासूनं सवयीनं डोळा बघितला. एका अंगाचा डोळा काचेसारखा. मासा फिरवला. दुसऱ्या अंगाचा डोळा उकडलेल्या वाटाण्यासारखा पांढरा. तिनं परत फिरवला. परत बघितला.

"पन्नास वर्षं मासळी विकली," ती बोलली, "असा मासा नाय बघितला. अर्धा आज धरलाय आणि अर्धा काल शिजवलाय."

बहिणीची हनुवटी हलायला लागली. चार दिवस पेजेवर काढून ती ह्या एका माशाची वाट बघत होती. पाठीला दोन विटा असून त्या टायमाला मला खरी थंडी वाजली.

मी लुंगी सोडली. विटा ओट्यावर ठेवल्या. गोणपाट डब्याच्या बाजूनं जळून काळं झालेलं. मग सगळं सांगून टाकलं. भट्टी, कातकरीण, पेट्रोलची टाकी, बंगल्यांचा वास.

"तिनं किती विटा घे सांगितलं?" सासूनं विचारलं.

"एक."

"कुठं बांध बोलली?"

"पोटाला."

बहिणीच्या तोंडातून आवाज आला. मला वाटलं रडतेय. ती हसत होती. पोट धरून, भिंतीला टेकून, डोळ्यातून पाणी काढत. "सगळ्या बंगल्यांत एकच मासा!" बोलायची आणि परत हसायची. हसता हसताच तिनं हात पुढं केला आणि त्या पांढऱ्या अंगाचा एक तुकडा तोडला.

सासूनं तिच्या हातावर चापट मारली. "थांब! त्याला मीठ तरी लागू दे. नीट शिजू दे."

तिनं शिजलेलं अंग सोडवून घेतलं, मीठ-हळद-तिखट लावून तव्यावर टाकलं. कच्च्या अंगाचं आणि डोक्याचं कालवण ठेवलं. बहिणीला तांदळाची भाकरी वाढली, आणि स्वतः बादली घेऊन बाजूला उभी राहिली. रोजच्यासारखी.

बहिणीनं पहिला घास घेतला. आमी दोघं तिच्या गळ्याकडं बघत होतो. दुसरा घास. तिसरा. एक तुकडी संपली, तिनं दुसरी ओढली. मग बोलली, "कालवण झालं काय?"

सासूनं बादली उचलून परत मोरीत नेऊन ठेवली.

तोवर मी गोधडी गुंडाळून चुलीजवळ बसलो होतो, तोंड तसंच काळं. बहीण जेवतेय बघून मला परत हिंमत आली. मी बोललो, "बघितलंत मावशी? तुमाला शिजवायचा पण त्रास ठेवला नाय. पुढच्या आठवड्यात आणखी एक आणतो."

सासूनं माझ्यापुढं ताट ठेवलं, त्यात कालवण ओतलं, आणि मासा बघावा तसं मला एकदा ह्या अंगानं, एकदा त्या अंगानं बघितलं.

"पुढच्या टायमाला मासा येष्टीनं पाठव," ती बोलली. "तू नाय आलास तरी चालंल."