सुनेला कॅस्टिगेट करणार नाही

नातवंडांना मी गोड आजी वाटते. वाटू दे बापडी. नव्वदच्या दशकात माझी जीभ अख्ख्या पंचवटीत प्रसिद्ध होती. मी गवारीला हात लावला की भाजीवाली आधीच म्हणायची, "न्या मावशी, निवडून न्या, पण तोंड सुरू करू नका." मला तो मान वाटायचा. काय बाई होते मी! त्याच कीर्तीपायी लेकाची दोन स्थळं मोडली, तेव्हा कुठे जरा चपापले.

तिसरं स्थळ देवळाली कॅम्पचं. वडील तोफखान्यातून निवृत्त झालेले सुभेदार, मुलगी इंग्रजी शाळेत शिकवणारी. लेक फोटो बघूनच विरघळला होता. रिक्षात बसताना त्यानं हात जोडले, "आई, आज तू फक्त पोहे खा."

ऐकेन तर ती मी कसली! पेपरात रोज एक इंग्रजी शब्द अर्थासकट यायचा. त्यातला 'कॅस्टिगेट' मी हेरून ठेवला होता. कडक शब्दांत टीका करणे. म्हटलं, इंग्रजीवाल्या मुलीला हमीसुद्धा इंग्रजीतच देऊ. कणीक मळताना तेच घोकत होते.

पोह्यांची बशी हातात आली, दोन घास घेतले आणि पदर सावरून मी जाहीर केलं, "आय विल नेव्हर कॅस्टिगेट माय सून." सुनेचं इंग्रजी ऐनवेळी आठवलंच नाही.

सुभेदारांचा हात मिशीवरच थांबला. आमचे हे बशीत शेंगदाणे शोधू लागले. मुलगी मात्र गालातल्या गालात हसली.

"काकू, तो फार भारदस्त शब्द आहे. कोर्ट सरकारला कॅस्टिगेट करतं, पेपरवाले मंत्र्याला करतात. चारचौघांत, ठेवणीतल्या भाषेत. आमटी खारट झाली म्हणून कुणी कुणाला कॅस्टिगेट करत नाही."

"मग आमटीसाठी काय करतात?"

"झापतात. आणि झापणार नाही, असं तुम्ही कुठे म्हणालात?"

अशी पकडली मला! बाजारात कुणी असं बोललं असतं तर सोलूनच काढलं असतं. शब्द ओठांवर आलेही होते. पण लेक माझ्याकडे असा बघत होता, की मी ते गिळले.

"झापीन की," मी म्हटलं. "पण तोंडावर. पाठीमागे चकार शब्द नाही. आणि तूही मला उलट झापायचंस."

"मग बोला ना. मघापासून पोहे कसेबसे गिळताय, मला दिसतंय."

"अळणी झालेत गं! कॅम्पात मीठ मिळत नाही का?"

लेकानं डोळे मिटून घेतले. तिसरंही गेलं, असंच त्याला वाटलं असणार.

मुलगी आत गेली, मिठाची वाटी घेऊन आली आणि सगळ्यांत आधी माझ्यासमोर धरली. "घ्या, आई."

काकूची आई झाले हे मला कळायच्या आधी लेकाला कळलं. बशीतली लिंबाची फोड त्या येड्यानं सालासकट चावून खाल्ली.