उजव्या हाताची धून

मँचेस्टरहून सकाळची ट्रेन पकडली. पुढे बस. ती मला एक स्टॉप पुढे सोडून गेली. दोष बसचा नाही, मी झोपले होते. चिखल तुडवत गावात पोहोचले.

इथलं चर्च मला पाहायचं होतं. तीनशे वर्षांपूर्वी एका संगीतकाराला पहिली नोकरी इथे मिळाली. ऑर्गन वाजवायचा आणि सणावाराला नवं काही रचायचं. पुढे तो लंडनला जाऊन मोठा झाला. इथल्या दिवसांतली एक छोटी धून तेवढी उरली. नगरला मिशनच्या एका बाईंनी ती माझ्या पप्पांना गुणगुणून शिकवली होती. पप्पा चर्चमध्ये ती पेटीवर वाजवायचे, मलाही त्यांनीच शिकवली. पप्पांना जाऊन वर्ष झालं. धून तिच्या जागी एकदा वाजवावी, एवढ्यासाठी मी आले होते.

चर्चसमोरच्या टीरूममध्ये स्कोन (भुसभुशीत, गोडसर पाव) खाता खाता मालकीणबाईंना विचारलं, "ऑर्गन बघायला मिळेल?"

"मार्गारेटला विचारा. तीच वाजवते. ती काय, मागे सूप पितेय."

पंच्याहत्तरीच्या मार्गारेटबाईंनी सूप संपवलं, मगच किल्ली काढली.

चर्च थंडगार होतं. मी ऑर्गनच्या बाकावर बसले, धून सुरू केली.

"सुरेख," त्या म्हणाल्या. "पण तुमचा डावा हात काय करतोय?"

पाहिलं तर तो हवेत पुढेमागे होत होता. भाता मारत होता! मला हसू फुटलं आणि लगेच रडूही.

"आमच्या पेटीला डाव्या हाताने हवा द्यावी लागते. वाजवायला एकच हात उरतो."

"म्हणजे डाव्या हाताचं तुम्ही कधी ऐकलंच नाही?"

नव्हतं ऐकलं. पप्पांनीही नाही.

"सरका बघू," म्हणत त्या शेजारी बसल्या. फोनवर रेकॉर्डिंग लावून मी वरचे सूर वाजवले, त्यांनी खालचे. धून केवढी मोठी झाली! "पप्पा, ऐकताय ना?" मी चक्क मोठ्याने म्हणाले. त्यांची इतकी आठवण वर्षभरात आली नव्हती.

परतीच्या ट्रेनमधून आईला रेकॉर्डिंग पाठवलं. तिचा लगेच फोन.

"छान आहे गं. पण हे वाजवायचे, ती धून नाही वाटत."

"आई, पूर्ण धून ही आहे. पप्पांची अर्धीच होती."

"असू दे. मला तेवढीच पाठ आहे."

मी रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. सुंदर होतं, खोटं कशाला बोलू? पण मला त्यातून पप्पांची अर्धी धून वेगळी काढून ऐकायची होती, आणि ते आता काही केल्या जमेना.