लाल चिठ्ठीचा कोट

मंगळवार, ९ सप्टेंबर. सकाळी नळाला पाणी बारीक. वरच्या मजल्यावर दिवसभर ठोकाठोक. गुडघा बरा. दुपारी लाँड्रीच्या मालकीणबाई बैठकीच्या खोलीचे पडदे स्वतः पोचवायला आल्या. चहा घेतला आणि म्हणाल्या, तुमच्या बहिणीला काहीतरी सांगा, माझं डोकं उठलं आहे.

त्या दिवशी एवढंच लिहिलं. बाकीचं लिहायला पानावर जागा नव्हती आणि मला त्राणही नव्हतं. आता सवडीने सगळं लिहिते.

ही माझी सख्खी धाकटी बहीण. घरात तिला सगळे धाकटीच म्हणत आले. आता साठीला टेकली तरी धाकटीच. लग्न केलं नाही. माझे यजमान गेले तेव्हा सोबतीला म्हणून आली आणि राहिली. गल्लीच्या टोकाला लाँड्री आहे, तिथे ती इस्त्रीच्या टेबलावर काम करते. कोट तिच्याकडेच, घेण्यादेण्यासकट. कॉलर वाफेवर धरते, बाहीत गोल उशी घालून खांदा बसवते. तिच्या हातचा कोट खुंटीला टांगला की आत कोणीतरी उभं आहे असं वाटतं. हे मी बहीण म्हणून सांगत नाही. बहीण म्हणून सांगण्यासारखं माझ्याकडे वेगळंच पुष्कळ आहे.

आम्ही दोघी एकाच कॉन्व्हेंटात शिकलो. वर्गाचा फोटो काढायचा होता त्या दिवशी सिस्टरांनी तिला मागच्या रांगेत जायला सांगितलं. ती वर्गात सगळ्यांत उंच होती. उंच मुलगी पुढे उभी केली तर मागचीचं तोंड दिसणार नाही, हे शाळेच्या मांजरालाही कळलं असतं. हिने अर्थ काढला की आपण पुढे दाखवण्यासारख्या नाही. त्या दिवसापासून बाईसाहेब मागच्या रांगेत उभ्या आहेत. चालताना पोक काढायचा, बोलताना तोंडावर हात धरायचा, आणि काहीही विचारलं की आधी म्हणायचं, मला नाही जमायचं. बसमध्ये कंडक्टर अख्ख्या बसला ‘मागे सरका’ म्हणतो, सरकते ही एकटी. लाँड्रीत एकदा तिला काउंटर सांभाळायला दिला, तर हिने दुसरीचं नाव सुचवलं आणि वर त्या दुसरीला स्वतः काम शिकवलं. मी बोलून बोलून थकले. भिंतीशी बोलले असते तर निदान रंगाचे पोपडे तरी पडले असते.

आता कोटाची गोष्ट. बाजाराच्या कोपऱ्यावर एक घड्याळवाले आहेत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. सभ्य गृहस्थ, कमी बोलणारे, कानात थोडे पांढरे केस. उन्हाळ्यात त्यांनी एक राखाडी कोट लाँड्रीत टाकला. कोट तयार झाला, घेऊन गेले. पुढच्या आठवड्यात तोच कोट परत घेऊन आले. धाकटीला वाटलं, इस्त्री बिघडली. तिने माफी मागितली आणि कोटाला लाल चिठ्ठी टोचली. लाँड्रीत तक्रार होऊन परत आलेल्या कपड्याला लाल चिठ्ठी लावतात, म्हणजे तो पहिल्यापासून पुन्हा करायचा. गृहस्थांनी तक्रार केलीच नव्हती. पण हिने माफी मागितल्यावर ते बिचारे काय बोलणार? म्हणाले, काही घाई नाही.

त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा कोट. पुन्हा माफी, पुन्हा लाल चिठ्ठी. असं करता करता पावसाळा संपत आला. मालकीणबाई वैतागल्या, कारण एवढ्या लाल चिठ्ठ्या त्यांच्या दुकानाला उभ्या जन्मात लागल्या नव्हत्या. त्यांनी एक दिवस काउंटरच्या आडून पाहिलं. घड्याळवाले कोट ठेवतात, धाकटीकडे बघतात, हवापाण्याचं काहीतरी बोलतात आणि उगाच घुटमळतात. धाकटी मान खाली घालून कोटातली खोट शोधते.

‘‘अहो, तो माणूस कोटासाठी येत नाही,’’ मालकीणबाई मला म्हणाल्या. ‘‘आमच्याकडच्या बोहारणीलासुद्धा कळलं. हिला कोण सांगणार?’’

मी सांगितलं. त्याच संध्याकाळी, ती भाजी निवडत होती तेव्हा. ती हसली. मग तिने हातातली जुडी खाली ठेवली आणि म्हणाली, ‘‘ताई, माझ्याकडे एकदा नीट बघ आणि मग बोल.’’

मी नीट बघितलं. उंच, सरळ नाकाची, भरगच्च वेणीची बाई समोर बसली होती, खांदे कानाला लावून. माझ्या तोंडाशी आलेलं सगळं मी गिळलं, कारण बोलून काय होतं ते मला माहीत होतं.

शेजारणीची सून अशा गोष्टींवर व्याख्यानं ऐकून येते. ती म्हणाली, रोज सकाळी आरशासमोर उभं राहून स्वतःबद्दल चांगलं बोलायचं, म्हणजे मनातलं चित्र बदलतं. मी धाकटीला लावलं कामाला. तिसऱ्या का चौथ्या दिवशी सहज आत डोकावले तर ही गुडघ्यात वाकून, मान तिरकी करून आरशाला सांगते आहे, ‘मी बरी आहे.’ आरसा माझ्या उंचीला लावलेला. मी बुटकी. इतकी वर्षं ही बाई रोज वाकून वेणी घालत होती.

‘‘अगं, बोलायचं नाही का? खिळा वर ठोकायला किती वेळ लागतो?’’

‘‘असू दे ना. तुला दिसायला हवं.’’

सुताराला बोलावून मी आरसा वर लावून घेतला. आता त्यात मला माझा भांग तेवढा दिसतो. पण तिला स्वतःचा पूर्ण चेहरा दिसायला लागला, तोही ताठ उभं राहून. व्याख्यानातलं वाक्य ती दोन दिवसांत विसरली, मात्र आरशासमोर आधीपेक्षा जास्त वेळ थांबू लागली. मी काही बोलले नाही. माझ्या स्वभावाला हे जड गेलं.

मग तिने एक गोष्ट केली, जी यापूर्वी कधी केली नव्हती. कोट पुन्हा आला तेव्हा तिने माफी मागण्याआधी तो उजेडात धरला आणि दुसऱ्या कुणाचं काम तपासावं तसा तपासला. कॉलर, खांदे, बाह्या, पाठीची शिवण. कुठे चुणी नाही, कुठे चमक नाही. कोपराला घडी पडलेली नाही, म्हणजे कोट अंगात घातलेलाच नाही. तिने लाल चिठ्ठी डब्यात परत टाकली.

संध्याकाळी घरी आली ती ताठ. चप्पलसुद्धा काढली नाही.

‘‘ताई, आज मी त्यांना स्पष्ट सांगितलं. म्हटलं, या कोटात काहीही खोट नाही. मी उत्तम इस्त्री केली आहे. आता हा परत आणू नका.’’

‘‘मग ते काय म्हणाले?’’

‘‘बरं म्हणाले. कोट घेतला आणि गेले.’’

मी कपाळाला हात लावला. जन्मभर जिच्या तोंडून स्वतःबद्दल एक चांगला शब्द निघाला नाही, तिने तो नेमका कुठे आणि कसा वापरावा? हिची मान वर व्हावी म्हणून मी देव पाण्यात घालून बसले होते. मान वर झाली आणि पहिल्या फटक्यात तो भला माणूस दारातून बाहेर.

ते पुन्हा आले नाहीत. पुढच्या आठवड्यात नाही, त्याच्या पुढच्याही नाही. लाँड्रीच्या दाराची घंटी वाजली की धाकटीची मान वळते, असा मालकीणबाईंचा निरोप आला. घरी पोळ्या करपू लागल्या. एका रात्री जेवताना ती शांतपणे म्हणाली, ‘‘बघ, मी म्हणत होते ना. कोटच होता. माझ्यासाठी कोण येणार?’’

माझा तोल गेला. मी ताट पुढे सरकवलं.

‘‘तुला स्वतःबद्दल इतकी खात्री कुठून येते गं? तुला कशातलं काही कळत नाही, असं तूच म्हणतेस. मग नेमकं हेच तेवढं बरोबर कळतं? काही कळत नसेल तर तू कशी आहेस हेही तुला कळत नसणार. आणि ते कळत असेल, तर अक्कल आहे. मग ती वापर.’’

मला वाटलं रडेल. म्हणाली, ‘‘हे मात्र खरं आहे,’’ आणि ताक वाढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत ती घड्याळाच्या दुकानात गेली. निघण्याआधी मला विचारत होती, कारण काय सांगू? माझं घड्याळ तर ठीक चालतं. मनगटावरचं घड्याळ मुद्दाम बंद पाडावं का, इथपर्यंत बाईंचा विचार गेला होता. मी म्हटलं, काही बंद पाडू नकोस, तशीच जा. गेली. पुढचं तिनेच सांगितलं. त्यांनी डोळ्याचं भिंग बाजूला केलं, तिला पाहून गडबडले आणि सवयीने विचारलं, ‘‘काय बिघडलं आहे?’’

‘‘काही नाही,’’ धाकटी म्हणाली. ‘‘सगळं नीट चाललं आहे. मी सहज आले.’’

त्यावर त्यांनी म्हणे आतून स्टूल आणलं, फडक्याने पुसलं आणि तिच्यासमोर ठेवलं. ती बसली. सुट्टी संपल्यावरही बसली होती, हे मालकीणबाईंकडून समजलं.

आता माझ्या मागे नवीन कटकट. जेवताना चाकं, स्प्रिंगा आणि कुठल्या घड्याळाचं तेल कसं सुकतं ते ऐकावं लागतं. आपल्याला या विषयातलं कळतं, असं हिने मला स्वतःहून सांगितलं. काल तर माझ्या भिंतीवरच्या घड्याळात दोष काढला, ते माझ्या लग्नातलं असून. आज दुपारी म्हणाली, संध्याकाळी आम्ही दोघं बाहेर जेवणार आहोत, तू वाट बघू नकोस. आम्ही दोघं. मी विचारलं, काय नेसू, कशी दिसते, असं काही विचारणार आहेस का? तर म्हणाली, ‘‘दिसले की मी आरशात,’’ आणि गेली.

शनिवार, १ नोव्हेंबर. संध्याकाळी एकटीच जेवले. सवयीने कणीक दोघींची मळली गेली. उरलेला गोळा झाकून फ्रीजमध्ये ठेवला.